मातीतील जिवाणू प्रतिजैविक केव्हा बनवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, औषधनिर्मितीत काम करणारी मंडळी आणि निव्वळ कुतूहलाने वाचणारे लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येतात. सर्व प्रश्नांमागे एकच गैरसमज दिसतो, तो असा की जिवाणूकडे प्रतिजैविकाची जनुके आहेत म्हणजे तो ते बनवतच असणार. प्रत्यक्षात क्षमता असणे आणि ती वापरण्याची वेळ येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या पानावरची बहुतेक उत्तरे दुसऱ्या गोष्टीविषयी आहेत.

"मातीतील जिवाणू" म्हणताना येथे नेमके कोण अभिप्रेत आहे?

मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस ही प्रजाती. हे जिवाणूच आहेत, पण बुरशीसारखे शाखा फुटलेल्या तंतूंच्या जाळ्याने वाढतात आणि बीजाणू धरतात. त्यांच्या नावातला "मायसिस" हा बुरशीवाचक शब्द याच साम्यामुळे आला. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि निस्टाटिन ही औषधे मुळात यांच्याकडून मिळाली. एरिथ्रोमायसिन, रिफामायसिन आणि व्हँकोमायसिन ही त्यांच्या भाऊबंदांची, म्हणजे अॅक्टिनोमायसीट गटातल्या इतर प्रजातींची देणगी आहे.

नियंत्रणाविषयी जे सर्वांत बारकाईने माहीत आहे ते मात्र एकाच जातीतून आले आहे, आणि ती म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर. डेव्हिड हॉपवूड यांनी १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये तिच्या आनुवंशिकीचा अभ्यास सुरू केला आणि पुढे नॉर्विचच्या जॉन इनेस संस्थेत त्याची मोठी परंपरा उभी राहिली. ही जात कोणतेही प्रसिद्ध औषध देत नाही. तिचा गुण एवढाच की तिची दोन प्रतिजैविके रंगीत आहेत, एक निळे आणि एक लाल, त्यामुळे कोणते जनुक बिघडल्यावर काय होते हे थाळीकडे नुसते पाहून कळते. "सीलिकलर" या लॅटिन शब्दाचा अर्थच आकाशाच्या रंगाचा असा होतो.

या जिवाणूच्या जनुकसंचात इतके विशेष काय आहे?

२००२ साली या जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८६ लाख ७० हजार बेस-जोड्या (डीएनएची "अक्षरे") आणि ७,८२५ संभाव्य जनुके आढळली; आपल्या आतड्यातल्या ई. कोलायची प्रयोगशाळेतील नेहमीची जात सुमारे ४,३०० जनुकांवर संसार चालवते. गुणसूत्र वर्तुळाकार नसून सरळ रेषेसारखे, दोन टोकांचे असते. निरनिराळी रासायनिक संयुगे बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह त्यात सापडले, आणि त्यांपैकी फारच थोड्यांचे उत्पादन तोपर्यंत कोणी पाहिले होते.

मला यातला सर्वांत बोलका आकडा वेगळाच वाटतो. एकूण जनुकांपैकी सुमारे १२ टक्के जनुके नियंत्रक प्रथिने बनवतात. म्हणजे दर आठ जनुकांमागे जवळजवळ एक जनुक स्वतः काही घडवत नाही, तर इतरांनी कधी काम करायचे यावर देखरेख ठेवते. एखाद्या कचेरीत असे प्रमाण दिसले असते तर आपण नाक मुरडले असते. मातीत मात्र दर तासाला ओल, अन्न आणि शेजारी बदलतात, त्यामुळे तेथे हा खर्च परवडतो.

प्रतिजैविक नेमके कोणत्या वेळी तयार होते? ते डोळ्यांना दिसते का?

दिसते, आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हेच आधी दाखवते. आगरच्या थाळीवर बीजाणू पसरून ती ३० अंश सेल्सियसला ठेवली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिकट, काहीशा चकचकीत वसाहती उमटतात. हे तंतू आगरमध्ये रुतलेले असतात. सुईने वसाहत उचलायला जावे तर ती चिवटपणे चिकटून राहते. त्यानंतर पृष्ठभागावर पांढरी लव येते. हे हवेत वाढणारे तंतू होत. आणखी काही दिवसांनी त्यांचे तुकडे पडून बीजाणूंच्या माळा बनतात आणि लव करडी होते. याच सुमारास, लव धरण्याच्या वेळी, वसाहतीखालचे आगर आधी लालसर आणि मग निळे होऊ लागते, आणि चांगल्या माध्यमावर तर लवेच्या टोकाशी निळे थेंबही साचतात.

निळा रंग अॅक्टिनोऱ्होडिनचा. हे संयुग आम्लात लाल आणि अल्कलीत निळे दिसते, त्यामुळे शंका असेल तेव्हा झाकणात अमोनियाचा एक थेंब ठेवून थाळी उलटी करावी. केवळ वाफेने लाल वसाहती निळ्या पडतात. दुसरे प्रतिजैविक, अनडेसिलप्रोडिजिओसिन, तंतूंच्या आत लाल राहते.

ही वेळ योगायोगाची नाही. हवेतले तंतू उभे करण्यासाठी लागणारे अन्न जिवाणू बऱ्याच अंशी स्वतःच्याच खालच्या तंतूंना मोडून मिळवतो. त्या क्षणी भोवतालच्या ओल्या मातीत फुकटचे अन्न सांडते, ते लुटायला इतर जिवाणू टपलेले असतात, आणि स्वतः पळून जाता येत नाही. प्रतिजैविक ही त्या शिध्यावरची राखण आहे, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो पटण्याजोगा आहे.

एका प्रतिजैविकासाठी किती जनुके लागतात, आणि त्यांची कळ कोठे असते?

अॅक्टिनोऱ्होडिनचा जनुकसमूह सुमारे २२ हजार बेस-जोड्यांचा आहे. त्यात रेणूचा सांगाडा जोडणारे एन्झाइम, त्यावर हात फिरवून आकार देणारे एन्झाइम, तयार माल पेशीबाहेर ढकलणारे प्रथिन आणि नियंत्रक हे सर्व शेजारी-शेजारी बसलेले असतात. १९८४ साली मालपार्तिदा आणि हॉपवूड यांनी हा पूर्ण समूह एकगठ्ठा उचलून दुसऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये घातला आणि त्या परक्या जिवाणूने अॅक्टिनोऱ्होडिन बनवून दाखवले. पुढच्याच वर्षी त्यातली काही जनुके मेडरमायसिन बनवणाऱ्या जिवाणूत घालून निसर्गात न आढळलेले एक संकरित प्रतिजैविक मिळवण्यात आले.

या समूहातच एक जनुक असे आहे की ज्याचे प्रथिन बाकीच्या जनुकांच्या सुरुवातीला डीएनएवर बसते आणि त्यांचे वाचन सुरू करते. त्याचे रूक्ष नाव अॅक्ट-दोन ओआरएफ-चार असे आहे. हीच समूहाची शेवटची कळ. त्याच्या जास्तीच्या प्रती पेशीत घातल्या की निळा रंग लवकर येतो आणि जास्त येतो. ते काढून टाकले की बाकी सर्व एन्झाइमांची जनुके शाबूत असूनही थाळी कोरीच राहते. लाल प्रतिजैविकाची कळ निराळी, तिचे नाव रेड-डी, आणि तिच्यावर रेड-झेड नावाची आणखी एक. अशा कळा बऱ्याच स्ट्रेप्टोमायसिसमध्ये आहेत आणि त्यांतल्या कित्येक एकाच प्रथिन-घराण्यातल्या आहेत.

मग प्रश्न उरतो तो कळ दाबणाऱ्या बोटांचा. ती एक-दोन नाहीत. अॅक्ट-दोन ओआरएफ-चारच्या डीएनएलगत निरनिराळी अनेक नियंत्रक प्रथिने येऊन बसतात, काही चालना देणारी, काही अडवणारी, आणि प्रत्येक जण वेगळी बातमी घेऊन येतो.

"बाल्ड" म्हणजे टकले उत्परिवर्ती कोणते, आणि त्यांचा प्रतिजैविकाशी काय संबंध?

हा माझा सर्वांत आवडता भाग आहे, तेव्हा उत्तर थोडे लांबेल.

ज्या उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या) वसाहतींवर लव येत नाही त्यांना संशोधकांनी टकले म्हटले, आणि त्या जनुकांना बीएलडी अशी नावे दिली. लव येते पण करडी होत नाही, पांढरीच राहते, त्यांना डब्ल्यूएचआय. यांतल्या बीएलडी-ए या जनुकात बिघाड झाला की वसाहत टकली तर राहतेच, शिवाय निळे आणि लाल ही दोन्ही प्रतिजैविके बनत नाहीत. साधी वाढ मात्र उत्तम चालू असते. साहजिकच सर्वांना वाटले की हे जनुक एखादे मोठे नियंत्रक प्रथिन बनवत असणार. १९८७ साली कीथ चेटर यांच्या गटाने त्याचा क्रम वाचला तेव्हा कळले की ते प्रथिन मुळीच बनवत नाही. ते एक ट्रान्सफर आरएनए, म्हणजे प्रथिन बांधताना अमिनो आम्ल आणून देणारा रेणू, बनवते.

याचा अर्थ असा. प्रथिन बांधताना ल्युसिन हे अमिनो आम्ल आणण्यासाठी सहा निरनिराळे संकेतशब्द चालतात, आणि त्यांपैकी टीटीए हा एक आहे. स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएत जी आणि सी या बेसचे प्रमाण सुमारे ७२ टक्के असल्याने टीटीए हा शब्द तेथे अत्यंत दुर्मीळ झाला आहे. आठ हजारांच्या घरातल्या जनुकांपैकी जेमतेम दीडशे जनुकांत तो येतो. हा शब्द वाचू शकणारा एकुलता एक ट्रान्सफर आरएनए म्हणजे बीएलडी-ए. रोजच्या कारभाराच्या जनुकांत टीटीए नाही, म्हणून बीएलडी-ए नसला तरी वाढ अडत नाही. परंतु अॅक्ट-दोन ओआरएफ-चारमध्ये तो आहे, रेड-झेडमध्ये आहे, आणि लव उभी करणाऱ्या एडीपी-ए या नियंत्रकाच्या जनुकातही आहे. जणू घरातल्या सर्व खोल्यांना साधी कडी आणि तिजोरी, माळा व मागचे दार यांनाच तेवढे एका विशिष्ट किल्लीचे कुलूप.

हे खरे आहे याची साधी परीक्षा झाली: अॅक्ट-दोन ओआरएफ-चारमधला टीटीए बदलून त्या जागी ल्युसिनचाच दुसरा शब्द घातला, तेव्हा बीएलडी-ए नसलेली वसाहत टकली राहिली, पण निळी झाली.

अन्न संपत आल्याची बातमी जनुकांपर्यंत कशी पोहोचते?

अनेक वाटांनी. अमिनो आम्ले कमी पडली की रायबोसोम, म्हणजे प्रथिने बांधणारी यंत्रे, अडखळतात आणि पेशीत ग्वानोसिनपासून बनलेला एक छोटा संदेशरेणू साठतो. तो वाढीला लगाम घालतो आणि प्रतिजैविकाला वाट करून देतो. फॉस्फेट कमी पडले की फॉस-आर आणि फॉस-पी ही प्रथिनांची जोडी जागी होते. फॉस्फेट मुबलक असेल तर बऱ्याच जातींत प्रतिजैविक दबते. ग्लुकोज भरपूर असले तरी तेच, फक्त मार्ग वेगळा.

सर्वांत चतुर व्यवस्था डॅस-आर या प्रथिनाची आहे. कायटिन, म्हणजे कीटकांच्या कवचाचा आणि बुरशीच्या भित्तिकेचा घटक, मोडला की एन-अॅसिटिलग्लुकोसामाइन नावाची शर्करा मिळते. परंतु हीच शर्करा जिवाणूच्या स्वतःच्या भित्तिकेतही असते. म्हणजे ती पेशीत आली तर दोन शक्यता: बाहेर एखादा मेलेला किडा सापडला आहे, किंवा आपलेच तंतू मरू लागले आहेत. भरल्या ताटात, म्हणजे समृद्ध माध्यमावर, ही शर्करा दिली तर जिवाणू लव आणि प्रतिजैविक दोन्ही थांबवून वाढत राहतो. उपासमारीच्या माध्यमावर तीच दिली तर दोन्ही सुरू होतात. डॅस-आर एरवी अॅक्ट-दोन ओआरएफ-चारच्या डीएनएला धरून बसलेला असतो, आणि या शर्करेपासून पेशीत बनणारे फॉस्फेटयुक्त रेणू त्याची पकड सोडवतात. हे काम २००८ साली प्रसिद्ध झाले.

हे जिवाणू एकमेकांशी बोलतात, असे म्हणतात ते काय?

बोलणे हा शब्द सैल आहे, पण संदेश जातो हे निश्चित. १९६७ साली सोव्हिएत संघात खोखलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसमधून ए-फॅक्टर नावाचा रेणू वेगळा केला. स्ट्रेप्टोमायसिन बनवणे सोडलेल्या वाणाला तो अगदी सूक्ष्म मात्रेत दिला की उत्पादन आणि बीजाणू दोन्ही परत येत. पुढे टोकियोत बेप्पू आणि होरिनोउची यांच्या गटाने संपूर्ण साखळी उलगडली. वसाहत दाट होते तसा ए-फॅक्टर साठतो. तो एआरपी-ए या अडवणाऱ्या प्रथिनाला डीएनएवरून उठवतो. त्यामुळे एडीपी-ए बनते. एडीपी-ए अनेक जनुकांना जागे करते, त्यात एसटीआर-आरही येते. आणि एसटीआर-आर ही स्ट्रेप्टोमायसिनच्या समूहाची कळ. अब्जांश मोल इतक्या विरळ संदेशावर ही सगळी उतरंड हलते. अशी सरळ साखळी सर्वत्र मिळेल असे मात्र समजू नये. सीलिकलरमधला याच कुळातला संदेशरेणू मुख्यतः एका पिवळ्या संयुगाच्या समूहावर काम करतो.

स्वतःच्याच विषाने हा जिवाणू मरत कसा नाही?

कारण बंदोबस्त उत्पादनाच्या वेळीच होतो. ग्रिसियसमध्ये स्ट्रेप्टोमायसिनला निकामी करणारे एन्झाइम बनवणारे जनुक एसटीआर-आरच्या लगेच पुढे आहे आणि त्याच वाचनात वाचले जाते, म्हणजे कळ आणि ढाल एकाच दोरीने ओढली जातात. सीलिकलरमध्ये अॅक्टिनोऱ्होडिन किंवा त्याचे अर्धवट तयार झालेले रूप हेच बाहेर फेकणाऱ्या पंपावरचे अडवणूक-प्रथिन दूर करते. माल पुरता तयार होण्याआधीच दार उघडलेले असते.

शेजारी शत्रू दिसला की प्रतिजैविक बनते, हे मग खोटे का?

खोटे नाही, अपुरे आहे. शिकारी जिवाणू मिक्सोकॉकस झँथस शेजारी वाढवल्यास सीलिकलरमधले अॅक्टिनोऱ्होडिन वीस पटींपर्यंत वाढते, असे २०११ साली दाखवण्यात आले. तरीही त्याच सीलिकलरला एकटे ठेवले तरी योग्य वयात ते निळे होतेच. शेजार हा अनेक बातम्यांपैकी एक.

वसाहतीतली प्रत्येक पेशी प्रतिजैविक बनवते का?

नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की सीलिकलरच्या वसाहतीत काही पेशी सरळ गुणसूत्राच्या टोकाकडचे मोठे तुकडे गमावून बसतात. त्या फारच कमी बीजाणू धरतात, म्हणजे त्यांचा वंश जवळपास तेथेच संपतो, पण प्रतिजैविक इतरांपेक्षा अधिक बनवतात. मुंग्यांच्या वारुळाशी याची तुलना होते. ती मोहक आहे. एवढेच लक्षात असावे की येथे सैनिक जनुके गमावून बनतात, आणि तो रस्ता परतीचा नाही.

जनुकसमूह असूनही काहीच बनत नाही, अशांना जागे करता येते का?

काहींना येते. अशा मुक्या समूहांवर आज सर्वांत जास्त लक्ष आहे, कारण नवी औषधे माती न उकरता जुन्याच जिवाणूंतून मिळण्याची शक्यता तेथे आहे. समूहाची कळ ताकदवान प्रमोटरखाली (जनुकाचे वाचन जेथून सुरू होते त्या डीएनएच्या तुकड्याखाली) जोडणे, अडवणारे प्रथिन काढून टाकणे, रायबोसोमच्या किंवा आरएनए पॉलिमरेजच्या (जनुके वाचणाऱ्या एन्झाइमच्या) जनुकात विशिष्ट बदल घडवणे, दुसऱ्या जिवाणूच्या संगतीत वाढवणे, पूर्ण समूह परक्या यजमानात हलवणे, हे सर्व मार्ग वापरले जातात. २०१९ साली लक्षात आले की एलएसआर-टू हे प्रथिन ए आणि टी जास्त असलेल्या डीएनएवर पांघरूण घालून अनेक समूहांना गप्प ठेवते. ते काढले की कित्येक समूह बोलू लागतात. बाहेरून आलेली जनुके बहुधा अशाच डीएनएची असतात, तेव्हा नवख्या पाहुण्याला लगेच स्वयंपाकघरात न शिरू देण्याची ही रीत असावी.

कारखान्यात या नियंत्रणाचा विचार करावा लागतो का?

पदोपदी, आणि जनुके माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून लोक तो करत आले आहेत. पेनिसिलिन बुरशीपासून मिळते, तरी धडा तोच आहे: सुरुवातीच्या काळात त्यासाठी सावकाश पचणारे लॅक्टोज वापरत, आणि पुढे ग्लुकोज एकदम न ओतता थोडेथोडे सोडण्याची पद्धत आली. स्ट्रेप्टोमायसिसच्या टाक्यांतही सोयाबीनच्या पिठासारखे हळू सुटणारे खाद्य चालते आणि फॉस्फेटवर नजर ठेवावी लागते.

महाराष्ट्राचा या कामाशी जुना संबंध आहे. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभी राहिली. तेथे एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी शोधलेल्या बुरशीनाशक प्रतिजैविकाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन हे नाव पडले, आणि ते बनवणाऱ्या जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. "पिंपरी" हा शब्द लॅटिन वळणाने जीवशास्त्रात गेला आहे हे शेजारच्या वसाहतींत राहणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

वाण उत्पादन सोडून देतात, अशी तक्रार असते. ती का?

कारण थाळीवर पुन्हा पुन्हा उतरवत राहिले की प्रतिजैविक न बनवणाऱ्या पेशींना काहीच तोटा होत नाही, उलट त्या खर्च वाचवतात. शिवाय गुणसूत्राची टोके मुळातच अस्थिर असतात. मी स्वतः एका हिवाळ्यात आळसाने थाळीवरून थाळीवर उतरवत राहिले आणि सातव्या-आठव्या खेपेला पांढऱ्या-पिवळ्या, टकल्या वसाहती हाती आल्या. बीजाणू ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवावेत आणि दरवेळी मूळ कुपीपासूनच सुरुवात करावी.

शेतात स्फुरद (फॉस्फेटयुक्त खत) टाकल्याने मातीतले प्रतिजैविक थांबते का?

प्रयोगशाळेतला नियम शेताला जसाच्या तसा लावू नये. थाळीतले फॉस्फेट विरघळलेले आणि जिवाणूच्या तोंडाशी असते. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत टाकलेल्या स्फुरदाचा बराच भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन स्थिर होतो, आणि तंतूच्या टोकाशी त्यातले किती पोहोचते हे ओल, सेंद्रिय पदार्थ व शेजारचे मूळ यांवर ठरते. खताची मात्रा पिकाच्या गरजेनुसार आणि माती परीक्षणानुसारच ठरवावी.